टाकी, कडी आणि शिष्यवृत्तीचा अर्ज : सोलापुरातील शाळांना मदत पोहोचवणाऱ्या एका संस्थेच्या कामाविषयी

घरातील ज्येष्ठांच्या स्मरणार्थ किंवा एखाद्या शुभकार्याच्या निमित्ताने गरीब मुलांच्या शाळेला काही द्यावे, अशी इच्छा सोलापुरात पुष्कळ कुटुंबांच्या मनात असते आणि बहुतेक वेळा ती वह्या, दप्तरे व खाऊ यांच्या वाटपावर येऊन थांबते. आमच्या कुटुंबाने वडिलांच्या पश्चात अशीच बाजूला काढलेली रक्कम शहरातील एका छोट्या नोंदणीकृत न्यासामार्फत महापालिकेच्या एका प्राथमिक शाळेच्या कामाला लावली, आणि ते काम पहिल्या पाहणीपासून आजवर आम्हाला जवळून पाहता आले. हा अभिप्राय त्या सेवेबद्दल आहे. संस्था आपले नाव शाळेच्या भिंतीवर लिहू देत नाही आणि प्रसिद्धीलाही देत नाही, म्हणून ते येथे दिलेले नाही. शाळेचे नाव मुलांचा विचार करून वगळले आहे. तरीही सविस्तर लिहावेसे वाटले, कारण देणगी देणाऱ्याने कोणत्याही संस्थेला कोणते प्रश्न विचारावेत हे आम्हाला या कामातून नीट कळले.

संस्थेची पद्धत थोडक्यात अशी आहे. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांपैकी एक शाळा ती निवडते, तिची गरज तपासते, कामाचा आराखडा व दरपत्रके देणगीदारापुढे ठेवते, काम करून घेते आणि त्यानंतर तीन वर्षे त्या कामाची देखभाल पाहते. या देखभालीसाठी देणगीतील चौथा हिस्सा सुरुवातीलाच वेगळा काढून ठेवला जातो. प्रथम ही अट ऐकली तेव्हा आमच्या घरात त्यावर बरीच चर्चा झाली, कारण तेवढ्याच पैशांत आणखी एक वर्गखोली रंगवून झाली असती असे काहींचे म्हणणे होते. आज विचाराल तर संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच अट आहे, असे मी निःसंकोच सांगेन.

आमच्या वाट्याला आलेली शाळा शहराच्या पूर्व भागातील आहे. येथील बहुतेक मुलांचे वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात काम करतात आणि आया घरी विड्या वळतात. पाने भिजवणे, कात्रीने मापात कापणे, तंबाखू भरणे, दोरा बांधणे आणि ठरलेल्या वेळी कारखान्यात माल देऊन येणे या साखळीत घरातील मोठी मुलगी कधी आणि कशी ओढली जाते, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. घरात तेलुगु बोलली जाते, गल्लीत तेलुगु व मराठी दोन्ही, आणि शाळेच्या एकाच आवारात मराठी व तेलुगु अशा दोन माध्यमांचे वर्ग भरतात. सोलापूरकरांना यात नवल वाटणार नाही, पण बाहेरून मदत घेऊन येणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागते, आणि पुढे पुस्तकांच्या बाबतीत त्याचे महत्त्व किती आहे ते येईलच.

शासन काहीच देत नाही, असे समजून देणगी देणे बरोबर नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला काय असलेच पाहिजे हे स्पष्ट लिहिले आहे : मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, अडथळ्यांविना प्रवेश, स्वयंपाकाची जागा, मैदान, ग्रंथालय, आवाराला भिंत किंवा कुंपण. पाठ्यपुस्तके मोफत येतात, गणवेश येतो, दुपारचा पोषण आहार शाळेत मिळतो. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला पटसंख्येप्रमाणे वार्षिक अनुदान मिळते. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार आणि १,००० पर्यंत ७५ हजार रुपये, असे त्याचे प्रमाण ठरवले गेले आणि त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करण्याचे बंधन आहे. आमच्या शाळेचा पट दोनशेच्या आसपास आहे. म्हणजे वर्षाला ५० हजार, आणि त्यात किरकोळ दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य, वीज, स्वच्छतेच्या वस्तू हे सारे बसवायचे. या रकमेत फुटलेली टाकी बदलता येते; मोडकळीला आलेले स्वच्छतागृह नव्याने बांधता येत नाही. देणगीची खरी जागा या फटीत आहे, आणि संस्थेने ती अचूक ओळखलेली दिसली. जे शासनाकडून मिळते ते पुन्हा देऊ नये, असा तिचा पहिला नियम आहे. दप्तरे वाटण्याचा आमचा मूळ प्रस्ताव त्यांनी नम्रपणे परत केला, कारण त्याच शाळेला इतर दात्यांकडून दप्तरे मिळालेली होती आणि काही मुलांच्या घरी ती वापराविना पडून होती.

पाहणीची पद्धत विशेष सांगण्याजोगी आहे. प्रत्येक शाळेला यू-डायस या शाळांच्या शासकीय माहितीसंचाचा अकरा अंकी क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावर शाळेतील सुविधांची नोंद कोणालाही पाहता येते. संस्थेची माणसे ही नोंद छापून हातात घेऊन जातात आणि एकेक ओळ प्रत्यक्षाशी ताडून पाहतात. त्यानंतर संस्थेच्या एक बाई पाचवी ते सातवीच्या मुलींना एका वर्गात एकत्र बसवून, शिक्षक व आम्ही देणगीदार बाहेर असताना, त्यांच्याशी बोलतात. नोंदीत मुलींचे स्वच्छतागृह ‘आहे’ असे होते आणि ते होतेही. दार होते, भांडे होते, वरची टाकी होती. मुलींनी सांगितले की आतली कडी लागत नाही, म्हणून जाताना मैत्रिणीला दाराशी उभे करावे लागते, आणि मैत्रीण गैरहजर असली की घरी जाईपर्यंत थांबायचे. म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. कडी मुळात बसवलेली होती, पण ती मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर होती आणि चौकट फुगल्यामुळे तिचा दांडा भोकात पोहोचत नव्हता. पहिलीतल्या मुलीचा तर हातच तिथे पुरत नसे. मुलींचे हे सांगणे आराखड्याच्या पहिल्या पानावर, त्यांच्याच शब्दांत, जसेच्या तसे लिहिलेले आम्ही वाचले. नंतर बसवलेल्या नव्या दारांना दोन कड्या आहेत, एक खाली व एक वर, आणि दोन्ही बसवल्यावर संस्थेच्या माणसाने पहिलीच्या मुलींकडून त्या लावून-काढून घेतल्या. त्यानंतरच सुताराचे बिल मंजूर झाले.

आता पाण्याविषयी. सोलापुरात शाळेच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न हा मुळात पाणी साठवण्याचा प्रश्न आहे, आणि बाहेरगावच्या दात्यांना हे सहसा ठाऊक नसते. उजनी धरणावरून येणारे पाणी नळाला रोज येत नाही. शहराच्या अनेक भागांत ते चार-पाच दिवसांनी येते, आणि येते तेव्हा शाळेची वेळ असेलच असे नाही. अशा शहरात चकचकीत फरशीचे स्वच्छतागृह बांधून वर हजार लिटरची टाकी ठेवली की दुसऱ्या दिवसापासून त्याला कुलूप लागते. मुख्याध्यापकांनी कुलूप लावले म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे आहे. पाण्याविना ते उघडे ठेवले तर आठवडाभरात ते कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

निवासी नसलेल्या शाळेसाठी दरडोई दररोज ४५ लिटर पाणी धरावे, असे भारतीय मानक सांगते. दोनशे मुलांना त्या हिशेबाने रोज ९,००० लिटर आणि चार दिवसांना ३६,००० लिटर लागतील. एवढी साठवण आमच्या शाळेच्या आवारात शक्य नव्हती आणि देणगीतही बसत नव्हती. संस्थेने मग काही दिवस शाळेतला प्रत्यक्ष वापर मोजला : पिण्याचे पाणी, पोषण आहाराआधी हात धुणे, नंतर ताटे धुणे, स्वच्छतागृह आणि सफाई मिळून माणशी १५ लिटरांच्या आसपास. रोजचे ३,०००, चार दिवसांचे १२,०००. त्याप्रमाणे १०,००० लिटरची जमिनीखालची टाकी आणि वर २,००० लिटरची, असे काम झाले. मानकाच्या एक तृतीयांशावर भागवावे लागले याची खंत आहेच, पण हिशेब मांडून, शाळेला विश्वासात घेऊन ठरवलेली ही मर्यादा आहे, आणि नळ पाचव्या दिवशी आला तर काय करायचे याचीही तजवीज लेखी आहे : महापालिकेच्या टँकरची मागणी कोणी व केव्हा नोंदवायची ते मुख्याध्यापकांच्या टेबलाजवळ लिहून लावले आहे. जमिनीखालच्या टाकीचे झाकण जड लोखंडी असून त्याला कुलूप आहे. मुलांच्या शाळेत ही बाब कोणी ऐच्छिक मानू नये.

पिण्याच्या पाण्यासाठी आमच्यापैकी काहींनी आरओ यंत्र सुचवले होते. संस्थेने ते नाकारले आणि कारण दिले की हे यंत्र जेवढे पाणी शुद्ध करते त्याच्या जोडीने बरेच पाणी बाहेर टाकून देते. जिथे थेंब थेंब साठवायचा तिथे ते परवडणारे नाही, आणि नळाच्या शुद्धीकरण झालेल्या पाण्याला त्याची गरजही नाही. त्याऐवजी साधी गाळणी, अतिनील किरणांचे यंत्र आणि पिण्यासाठी वेगळी, महिन्याला धुतली जाणारी स्टीलची टाकी बसवली. हात धुण्याच्या जागी तोट्यांच्या दोन रांगा आहेत, लहान मुलांसाठी खालची व मोठ्यांसाठी वरची. तोट्या पितळी घेतल्या नाहीत, कारण त्या सुट्टीत चोरीला जातात. साध्या प्लास्टिकच्या घेतल्या आणि डझनभर जादा तोट्या कपाटात ठेवल्या. तोटी गळू लागली की शाळेचा शिपाईच ती बदलतो, त्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी अनुयायांना बरोबर घेऊन तलाव खोदला आणि सोलापूर आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. गावासाठी पाणी साठवणे हे या मातीतले सर्वांत जुने दानधर्माचे काम आहे. शाळेच्या आवारात टाकी बांधून देणाऱ्याला तिथे फोटो काढण्यासारखे फारसे काही मिळत नाही हे खरे, तरी आपल्या शहरातील दात्यांना हे काम परके वाटू नये असे मला मनापासून वाटते.

देखभालीसाठी वेगळ्या ठेवलेल्या रकमेचा उपयोग इथेच दिसतो. तिच्यातून वस्तीतल्याच एका बाईंना स्वच्छतागृहांच्या सफाईसाठी दरमहा मानधन मिळते आणि झाडू, ब्रश, फिनेल, साबण यांचा पुरवठा होतो. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आवश्यक केली असून तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. संस्थेने या समितीतील दोन मातांकडे एक वही दिली आहे. दर शनिवारी त्या स्वतः आत जाऊन पाहतात : पाणी आहे का, कडी लागते का, साबण आहे का, वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचा डबा रिकामा केला आहे का. तिथेच सही होते, आणि त्या सहीशिवाय पुढील महिन्याचे साहित्य निघत नाही. त्यांपैकी एका आईने आम्हाला सांगितले, “आधी शाळेत आलो की सर सांगायचे आणि आम्ही ऐकायचो. आता वही आमच्याकडं आहे.” अशा कामात पालकांना केवळ टाळ्या वाजवायला बोलावतात, हे अनेकदा पाहिलेले असल्यामुळे या व्यवस्थेचे मोल मला फार वाटले.

बाकांबद्दल थोडेच लिहितो. पहिली-दुसरीसाठी कमी उंचीचे आणि वरच्या वर्गांसाठी नेहमीच्या उंचीचे दोन आसनी बाक दिले, आणि त्यांचे लोखंडी काम शहरातल्याच एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात झाले, त्यामुळे तुटलेले पाय तिथेच जोडून मिळतात. लहान मुलांचे पाय जमिनीला टेकतात. काम चांगले आहे.

छताचे काम मात्र अधिक विचाराने झाले. शाळेच्या चार खोल्यांवर पत्रे आहेत. सोलापुरात मार्च उलटला की पारा चाळिशीकडे सरकतो आणि एप्रिलमध्ये सकाळची शाळा असूनही अकराच्या सुमारास पत्र्याखाली बसणे मुलांना असह्य होते. परीक्षा नेमक्या याच दिवसांत असतात. पत्रे काढून स्लॅब टाकण्याएवढी देणगी आमची नव्हती. संस्थेने पत्र्यांवर उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप दिला, आतून छत बसवले आणि पत्रा व छत यांच्यामधली हवा बाहेर जावी म्हणून दोन्ही टोकांना जाळ्या ठेवल्या. पंखे त्यानंतर लावले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण तापलेल्या पत्र्याखाली नुसता पंखा लावला तर तो गरम हवाच खाली ढकलतो. वर्गशिक्षिकांच्या म्हणण्याप्रमाणे आता शेवटच्या तासालाही मुले लिहीत बसतात. लेपावर धूळ साचली की त्याचा गुण कमी होतो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत तो धुवावा लागतो; हेही देखभालीच्या यादीत आहे.

पुस्तकांच्या बाबतीत संस्थेने समज दाखवली, पण काम अर्धवट राहिले. सोलापूर जिल्ह्यात मराठीबरोबर तेलुगु, कन्नड आणि उर्दू माध्यमांच्या शाळा आहेत. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड शाळा गावोगावी आढळतात. बालभारती या माध्यमांची पाठ्यपुस्तके काढते, परंतु पाठ्यपुस्तकाबाहेर वाचायला मुलांच्या हाती त्यांच्या भाषेतले काही येत नाही. दाते मराठी आणि इंग्रजी पुस्तकांचे खोके पाठवतात, त्यातही पुष्कळदा घरातली नकोशी झालेली, मोठ्यांसाठीची पुस्तके असतात. संस्थेने जुनी पुस्तके घेण्याचे बंद केले आहे आणि तेलुगु गोष्टींची पुस्तके खास हैदराबादहून मागवली. तेलुगु माध्यमाच्या वर्गातील मुले त्यांवर तुटून पडलेली आम्ही पाहिली, आणि मराठी माध्यमाची मुलेही ती घरी नेऊन आजीकडून वाचून घेऊ लागली. मात्र आमच्याच देणगीतून दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका छोट्या कन्नड शाळेसाठी जी पुस्तके यायची होती, ती सत्र संपत आले तरी पोहोचली नाहीत. विचारणा केल्यावर वाहतुकीचे कारण मिळाले. ते खरेही असेल, पण खेड्यातील शाळेच्या वाट्याला नेहमी उशीरच का यावा, हा प्रश्न आम्ही संस्थेला लेखी विचारला आहे.

वर्गात मोठा पडदा किंवा टीव्ही बसवण्याची मागणी शाळेकडूनही आली होती. संस्थेने ती लगेच मान्य केली नाही. आधी कोणते शिक्षक, कोणत्या इयत्तेसाठी, आठवड्यातून किती तास वापरणार आणि वीजबिल कोण भरणार, हे लिहून मागितले. हे मला योग्य वाटले. आपल्याच जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, ही सर्वांच्या अभिमानाची गोष्ट आहे. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे त्यांचे काम मोठे ठरले ते एका शिक्षकाने आपल्या वर्गातील मुलांची अडचण ओळखून यंत्र हाती घेतले म्हणून. आमच्या शाळेत एका तरुण शिक्षिकेने वरील प्रश्नांची उत्तरे दिली आणि तिच्या वर्गात एक पडदा लागला. बाकी वर्गांत तूर्त लागलेला नाही.

आता ज्या सेवेला खर्च सर्वांत कमी आणि उपयोग सर्वांत जास्त, तिच्याविषयी. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. पहिली ते चौथीला वर्षाला १,००० रुपये, पाचवी ते आठवीला १,५००, नववी-दहावीला २,०००, अकरावी-बारावीला ३,०००, आयटीआय, पदविका व पदवीला ६,००० आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना २५,००० रुपये. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. आई किंवा वडिलांचे विडी कामगार ओळखपत्र, किमान सहा महिन्यांच्या कामाचा आधार, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. कागदावर हे सरळ दिसते. प्रत्यक्षात आईच्या ओळखपत्रावर तिचे माहेरचे नाव, आधारवर सासरचे, मुलाच्या शाळेतील नोंदीत आडनावाचे स्पेलिंग तिसरेच, आणि बँकेचे खाते व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेले, अशी स्थिती असते. दिवसभर विड्या वळणारी बाई एका कागदासाठी कामाचा खाडा करून चार ठिकाणी फिरू शकत नाही, आणि हजार रुपयांसाठी तिने मजुरी बुडवावी ही अपेक्षाही चुकीची आहे.

संस्था दरवर्षी शाळा सुरू झाल्यावर शाळेतच संध्याकाळचे शिबिर घेते, म्हणजे कारखान्यात माल देऊन झाल्यानंतर आयांना येता येईल. एका टेबलावर ओळखपत्र व नावांची पडताळणी, दुसऱ्यावर बँकेच्या खात्याचे काम, तिसऱ्यावर अर्ज. महाविद्यालयात शिकणारी वस्तीतलीच मुले-मुली संगणकावर बसतात आणि आयांशी तेलुगुत बोलतात. अर्ज भरल्यावर छापील प्रत पालकाच्या हातात देतात आणि शाळेच्या पातळीवरची पडताळणी वेळेत झाली की नाही याचा पाठपुरावा करतात, कारण पुष्कळ अर्ज तिथेच अडकून राहतात. ओळखपत्रच नसलेल्या आयांची यादी वेगळी केली जाते. या साऱ्याला लागतात ते चहापाणी, कागद, इंटरनेट आणि मुलांचे थोडे मानधन. एका वर्गखोलीच्या रंगाला लागतो त्याहून कमी पैशांत शेकडो घरांना त्यांचे हक्काचे पैसे मिळू शकतात, तेही दरवर्षी, आणि मुलगी पुढे पदवीपर्यंत गेली तर वाढत्या रकमेने. आठवीनंतर मुलीला घरी बसवण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबात या पैशांनी निर्णय बदललेला आम्हाला पाहायला मिळाला. आमच्या पुढील देणगीतील मोठा वाटा याच कामाला द्यायचे आम्ही ठरवले आहे.

हिशेबाबद्दल समाधान आहे. प्रत्येक मोठ्या खर्चासाठी तीन दरपत्रके, बिलांच्या प्रती आणि काम होण्यापूर्वीची व नंतरची छायाचित्रे मिळाली. छायाचित्रांत मुलांचे चेहरे नव्हते, हे मुद्दाम नोंदवतो. मदत घेणाऱ्या मुलाला वस्तू हातात धरून रांगेत उभे करण्याचा प्रकार इथे नाही. आयकराच्या ८०जी सवलतीबाबतही संस्थेने आधीच स्पष्ट सांगितले, ते इतरांना उपयोगी पडेल : सामान्यतः देणगीच्या निम्म्या रकमेवर वजावट मिळते, दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही, वस्तुरूप देणगीवर मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांनाही मिळत नाही. म्हणजे दुकानातून बाक विकत घेऊन शाळेत पोहोचवणाऱ्या दात्याला ही सवलत नसते. प्रमाणपत्र आम्हाला मिळाले, पण ते स्मरणपत्रे पाठवल्यावर. कार्यालयात पूर्णवेळ माणूस नाही, दूरध्वनी अनेकदा उचलला जात नाही, आणि निवड झाल्यापासून प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत बराच काळ जातो. शाळा महापालिकेची असल्यामुळे बांधकामाला रीतसर परवानगी घ्यावी लागते हे समजते. परंतु काम कुठे अडले आहे हे दात्याला आपणहून कळवत राहणे संस्थेला अशक्य नाही.

आणखी एक उणीव मोठी आहे. कुंभारी येथील रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत उभी राहत असून १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण पंतप्रधानांच्या हस्ते झाले. पूर्व भागातील विडी व यंत्रमाग कामगारांची कुटुंबे तिकडे जात आहेत आणि त्यांच्याबरोबर मुलेही. वस्ती हलते तशी मदतीची जागाही हलायला हवी. संस्था मात्र अजून शहराच्या जुन्या भागातच घोटाळत आहे, आणि मनुष्यबळ नाही हे तिचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. तसेच साखर कारखान्यांच्या हंगामात आईवडिलांबरोबर ऊसतोडीच्या फडावर राहणाऱ्या मुलांसाठी तिच्याकडे काहीही योजना नाही, आणि ज्या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत तिथे हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही.

दुसरे पर्याय कोणते, असेही विचारले जाते. केंद्र शासनाचे विद्यांजली हे व्यासपीठ २०२१ पासून आहे. तिथे शाळा आपल्या गरजा नोंदवतात आणि व्यक्ती किंवा कंपन्या वस्तू वा सेवा देऊ शकतात. ज्यांना स्वतः शाळेत जाऊन शिकवायचे आहे किंवा एखादी ठरावीक वस्तू द्यायची आहे, त्यांच्यासाठी ते सोयीचे आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आणली, तीत ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख आणि दहा वर्षांना एक कोटी असे मूल्य ठरले आणि दात्याच्या इच्छेनुसार त्याचे नाव शाळेच्या नावाला जोडण्याची मुभा ठेवली. मोठ्या उद्योगांना, विशेषतः नफ्याच्या दोन टक्के सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करणे ज्यांना बंधनकारक आहे त्यांना, हा मार्ग असू शकतो. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यातला नाही. ज्यांच्याकडे काही हजार ते काही लाख रुपये आहेत, स्वतःचा वेळ कमी आहे आणि दिलेली वस्तू तीन वर्षांनंतरही चालू राहावी अशी इच्छा आहे, त्यांना या संस्थेसारखी स्थानिक, लहान आणि देखभालीची जबाबदारी घेणारी संस्था मी सुचवेन. उद्घाटनाचा कार्यक्रम आणि भिंतीवर कोनशिला हवी असेल, तर मात्र ती इथे मिळणार नाही.

ज्यांना या वर्षी असे काम करायचे आहे त्यांनी जानेवारीतच, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, संस्थेशी बोलणे सुरू करावे. पाहणी शाळा चालू असतानाच व्हावी लागते, परवानग्यांना दोन महिने सहज जातात, आणि बांधकाम व छताचे काम मे महिन्याच्या सुट्टीतच उरकता येते, म्हणजे जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा टाकी भरलेली असते. शिष्यवृत्तीच्या शिबिरासाठी देणगी द्यायची असेल तर ती मेअखेर पोहोचावी. आणि संस्था कोणतीही असो, पहिल्याच भेटीत दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : देखभालीसाठी किती रक्कम, किती वर्षे आणि कोणाच्या सहीने निघणार; आणि पाहणीत मुलींशी स्वतंत्रपणे कोण बोलले.